टाक्यावर धरलेला खडा

मी मुतखड्यांची डॉक्टर. लग्नकार्यात कोणी अशी ओळख करून दिली की समोरचा माणूस जरा बाजूला सरकतो. हृदयाच्या डॉक्टरभोवती घोळका जमतो, डोळ्यांच्या डॉक्टरला चष्म्याचं विचारतात, पण लघवीच्या वाटेवर आयुष्य काढलेल्या बाईशी काय बोलावं हे कोणाला सुचत नाही. तेच लोक मग जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी मला एकटीला गाठतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "मॅडम, जरा एक विचारायचं होतं." बीडमध्ये ही लाज नव्हती. एसटी स्टँडवरचे रिक्षावाले भर गर्दीत ओरडायचे, "खडेवाल्या बाईकडं कोण हाय? चला, बसा!" त्या नावाचा मला कधी राग आला नाही. उलट पाटीवरच्या पदव्यांपेक्षा ते जास्त चाललं.

संपादक म्हणाले, दिवाळी अंक आहे, लोक फराळ करता करता वाचतात, हलकंफुलकं लिहा. प्रयत्न करते. तरी ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी चिवडा आधी संपवून घ्यावा.

दुष्काळी जिल्ह्यात माझ्या धंद्याला मरण नाही. पाणी कमी, ऊन जास्त, लघवी घट्ट होते आणि क्षार खाली बसतात. तांब्यात बोअरचं पाणी ठेवलं की बुडाला पांढरा थर धरतो, तसंच. खडा मूत्रपिंडातून खाली उतरताना नळीत अडकला तर माणूस गडाबडा लोळतो. मूत्राशयातला खडा वेगळा. तो माणसाला हिंडू-फिरू देतो, पण दर खेपेला लघवी संपता संपता जीव काढतो. धार मध्येच तुटते, आग होते, कधी रक्त जातं. काढल्यावर मात्र त्याच खड्यावर लोकांचं प्रेम बसतं. आमच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी आपला खडा बाटलीत घालून टीव्हीवर ठेवला होता. पाहुण्यांना चहाच्या आधी बाटली दाखवायचे आणि "हा माझा" असं म्हणायचे. त्यांच्या नातवाच्या बक्षिसांचे कप त्यामुळे मागच्या रांगेत गेले होते.

या प्रेमामागे आमच्याकडची एक रीत आहे. ऑपरेशन झालं की पोटातून काढलेली वस्तू ट्रेमध्ये घालायची आणि दाराबाहेर नेऊन नातेवाइकांना दाखवायची. न दाखवली तर काढलीच नाही असं समजतात. पेशंट पुरुष असेल तर ट्रे बायको, भाऊ, शेजारी यांच्यातून फिरतो. पेशंट बाई असेल तर तो नवऱ्याकडे, सासऱ्याकडे, दिराकडे जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली असेल तर मुकादमाकडेही जातो. मुकादम म्हणजे मजुरांच्या टोळ्या कारखान्यांना पुरवणारा माणूस. सगळे वाकून बघतात, माना हलवतात. ज्या बाईच्या पोटातून ते निघालं, ती आत झोपलेली असते.

मी माझ्या टेबलावर ही रीत मोडली. कमरेखालचं ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन करतात. पेशंट जागा असतो, बोलतो, फक्त पाय त्याचे राहत नाहीत. म्हणून माझा नियम असा होता की ट्रे आधी पेशंटच्या डोक्याकडे जाईल आणि मग दाराकडे. ज्याचं पोट, त्याची पहिली नजर. भूल देणारे आमचे डॉक्टर कुरकुरायचे, "बाई, रक्तदाब वाढतो हो त्यांचा." मी म्हणायचे, "वाढू दे. स्वतःचं बघून वाढतोय, दुसऱ्याचं बघून नाही."

दुसरी खोड म्हणजे अडकित्ता. चांगला जाड, पितळी, उकळून पुसून ठेवलेला. पेशंटची हरकत नसेल तर मी खडा मधोमध फोडून बघायचे. खड्याला आत वलयं असतात आणि मध्यभागी गाभा. तो कशावर धरला हे गाभा सांगतो. नव्या नर्सला वाटायचं, मॅडम सुपारी खातात.

आणि एक आडाखा सांगते, तो कळला की पुढचं सगळं कळेल. पुरुषाच्या मूत्राशयात खडा दिसला तर त्याची प्रोस्टेटची गाठ तपासायची, कारण लघवी तुंबली की खडा होतो. बाईची लघवीची वाट आखूड आणि सरळ. बारीकसारीक असतं ते वाहून जातं. म्हणून बाईच्या मूत्राशयात मोठा खडा दिसला तर पाण्याला शिव्या देण्याआधी तिच्या पोटावरचा व्रण बघायचा. गर्भाशय आणि मूत्राशय एकमेकांना खेटून असतात. गर्भाशय काढताना शिवणीचा एखादा टाका मूत्राशयातून जाऊ शकतो. तो न विरघळणाऱ्या दोऱ्याचा असला की त्यावर क्षाराचे थर चढत राहतात. असा टाका कोणाकडूनही पडेल, चांगल्या हातांकडूनही पडेल. त्यावरून मी कोणाला फासावर चढवणार नाही. माझं भांडण आहे ते पडलेला टाका नाकारणाऱ्यांशी, आणि ज्या बाईचं गर्भाशय काढायची गरजच नव्हती तिच्या पोटात सुरी घालणाऱ्यांशी.

शेवंता मला भेटली ती अशा भांडणातच. तेव्हा मी आठवड्यातून काही दिवस एका तालुक्याच्या गावी ऑपरेशनं करायला जायचे. सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. गावाचं आणि कारखान्याचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पाऊस सलग रुसलेला होता. शिवारात उसाचं टिपरू नव्हतं, कारखान्याचं धुराडं थंड होतं. गाळप बंद पडलं तसं अध्यक्षसाहेबांनी पाणी हाती घेतलं. गावोगाव पाणी गाळायची यंत्रं बसवायची, योजनेचं नाव 'खडामुक्त गाव'. योजना वाईट नव्हती. वाईट एवढंच झालं की जिल्ह्यातला प्रत्येक खडा पाण्याच्या नावावर चढायला लागला.

शेवंता धारूरच्या डोंगराकडच्या एका वस्तीवरची. वय तिशीच्या आतबाहेर, चेहरा पन्नाशीचा. बरोबर तिची धाकटी जाऊ रुक्मिण, चोवीस-पंचवीसची, पदराशी चाळा करत बसलेली. सोनोग्राफीत शेवंताच्या मूत्राशयात आवळ्याएवढा खडा दिसला. मी म्हटलं, "शेवंता, या कुशीवर वळ." ती वळली. "आता त्या कुशीवर." सुटा खडा अशा वेळी गोटीसारखा घरंगळतो. हा जागचा हलला नाही. वरच्या भिंतीला चिकटून बसला होता.

मी तिच्या ओटीपोटावरचा व्रण बघितला. "पिशवी कधी काढली?"

"चौथा हंगाम आला आता. पांढरं जात हुतं. डाक्टर म्हनले, न्हाई काढली तर कॅन्सर हुईल. मुकादम म्हनला, कोयता हातात घ्यायच्या आदी उरकून टाका, तिकडं फडात पाळीची कटकट नको."

"आणि लघवीचा त्रास?"

"तवापास्नंच. त्याच डाक्टरनी येकदा खडा फोडून काडला. परत धरला. ते म्हनले, तुज्या वस्तीचं पानी लई जड हाय, बोअरचं पानी तोंडात घिऊ नको."

"मग कुठलं पितेस?"

"टँकरचं. टँकर कवा येतोय, कवा न्हाई. माज्या येकटीसाटी हंडा राखला की सासू बोलती. मंग घोट घोट प्यायचं. दोन उन्हाळे तसंच काडलेत."

मी पेन खाली ठेवलं. खडा झालेल्या बाईला भर दुष्काळात पाणी तोडायला लावलं होतं. तिच्या सासूने नारायणगडाला नवसही बोलला होता, सुनेचा खडा जाऊ दे म्हणून. देवाचा इलाज त्या डॉक्टरच्या इलाजापेक्षा बरा म्हणायचा, निदान त्यात पाणी प्यायला बंदी नव्हती.

शेवंता उठून बसली आणि रुक्मिणीकडे बोट करून म्हणाली, "बाई, हिलाबी बगा. हिचंबी पांढरं जातं. येत्या सोमवारी हिचीबी पिशवी काडायची ठरलीया. त्याच डाक्टरकडं, रस्त्याच्या पल्याड."

मी रुक्मिणीला तपासलं. साधा जंतुसंसर्ग होता, गोळ्यांनी जाणारा. तसं तिला स्पष्ट सांगितलं. गर्भाशय ठणठणीत आहे, त्याला हात लावायचं काही कारण नाही. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "माज्या हातात काय हाय, बाई? सासूनं अन् मुकादमानं ठरिवलंय. मोठीला काय झालं का, म्हनत्यात. मोठीचा खडा पान्यामुळं, म्हनत्यात."

म्हणजे सगळं त्या एका खड्यावर अडलं होतं. तो पाण्याचा ठरला तर सोमवारी रुक्मिण टेबलावर जाणार होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अध्यक्षसाहेब स्वतः आले. पांढरेशुभ्र कपडे, मागे दोघे. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "डॉक्टरबाई, लई मोठा खडा घावलाय म्हनं तुमाला. आख्खा काडा. आपल्या योजनेच्या उद्घाटनात ठेवायचाय. काचेच्या बरणीत. खाली पाटी लावू, दूषित पान्याचा बळी."

"साहेब, तो पाण्याने झालेला नसला तर?"

"मंग कशानं?"

मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून गेलं. मागच्या दोघांना त्यांनी बाहेर पाठवलं. "ते डॉक्टर आपल्या ट्रस्टवर हायत. आपले मानूस हायत. तुमी खडा काडा, फोडाफोडी करू नका."

फोडाफोडीचा अनुभव साहेबांना माझ्यापेक्षा जास्त होता, पण ते मी बोलले नाही. एवढंच म्हणाले, "खडा पेशंटचा आहे. ती म्हणेल तसं होईल."

उठता उठता ते म्हणाले, "तुमच्या लोकान्ला भांडायची लई हौस."

आमचं घर छप्पनच्या दीक्षेतलं. 'तुमचे लोक' म्हणजे कोण हे मला शाळेपासून पाठ आहे. मी म्हटलं, "हौस नाही साहेब, सवय आहे. तुम्हीच लावलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताला टेबलावर घेतलं. पाठीत इंजेक्शन दिलं, मध्ये हिरवा पडदा बांधला. पडद्याच्या पलीकडून तिचं बोलणं चालू होतं. शेळी व्याली का, सासूने पोरांना भाकरी घातली असेल का. मी मूत्राशय उघडलं आणि थांबले. शिंक्याला गाडगं लटकावं तसा खडा भिंतीला लटकलेला होता. वर काळ्या दोऱ्याचे दोन पदर भिंतीतून आलेले स्पष्ट दिसत होते. भूलवाले डॉक्टर उठून आले, वाकून बघितलं आणि जागेवर जाऊन बसले. मी दोरा भिंतीलगत मोकळा केला, मुळापर्यंत काढला, आणि खडा ट्रेमध्ये घेऊन पडद्याच्या पलीकडे गेले.

"शेवंता, हा तुझा खडा. साहेबांना अख्खा पाहिजे, बरणीत ठेवायला. मला वाटतं फोडून आत काय आहे ते बघावं. तू सांग."

ती खड्याकडे बघत म्हणाली, "माजी पिशवीबी आशीच ताटात घालून भाईर नेलती. नवऱ्यानं बगितली, मुकादमानं बगितली. मला कुनी दावली न्हाई. ह्यो तरी मला आतून बगू द्या. फोडा."

मी अडकित्त्यात धरून दाबला. कट्ट आवाज होऊन दोन फाका झाल्या. मधोमध काळ्या दोऱ्याची गाठ होती, जशी बांधली तशीच.

"ह्यो तर दोरा हाय."

"टाका आहे. पिशवी काढताना पडलेला. पहिल्या वेळी वरचा खडा फोडून काढला, हा आतच राहिला, म्हणून परत धरला."

"मंग पानी?"

"पाण्याने हा झालेला नाही. उलट तू पोटभर पाणी प्यायला हवं होतंस."

ती आधी हसली. मग तिच्या दोन्ही डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात उतरायला लागलं आणि हात बांधलेले असल्यामुळे तिला ते पुसता येईना. सिस्टरने पुसलं. "दोन उन्हाळे म्या तहानंनं काडले की वो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला त्या क्षणी इतका राग आला होता की टाके घालताना मी मुद्दाम सावकाश घातले.

दाराबाहेर साहेबांचा माणूस रिकामी बरणी घेऊन उभा होता. ती मी रिकामीच परत पाठवली. दोन्ही फाका शेवंताच्या उशाशी गेल्या.

पुढचं माझं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण शेवट मला माझ्यावर करायचा नाही. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला की यापुढे ट्रस्टला माझी गरज नाही. शेवंताची लघवीची नळी निघेपर्यंत मी येणारच असं मी कळवलं, आणि आले. नंतर बीडला स्टँडजवळ दोन खोल्यांत माझा दवाखाना थाटला. अडकित्ता बरोबर नेला. 'खडामुक्त गाव'चं उद्घाटन थाटात झालं, बरणीत कोणाचा तरी दुसरा खडा ठेवला. त्या डॉक्टरांची चौकशी वगैरे झाली नाही. ते पुढेही सन्मानाने वावरले आणि समारंभात मला नमस्कार करायचे, मी करायचे नाही. लोक म्हणाले, बाई फटकळ आहे, जुळवून घेतलं असतं तर मोठी झाली असती. मोठी म्हणजे किती, हे मला कोणी सांगितलं नाही. खंत एकच आहे. शेवंताचा खडा मी काढला, टाका काढला, पण ऐन उमेदीत गेलेलं तिचं गर्भाशय मला परत ठेवता आलं नाही. ते शास्त्र मी शिकले नव्हते, कोणीच शिकलेलं नाही.

तर सोमवार. मी सकाळी राउंडला आले तर शेवंताची खाट रिकामी. सिस्टर घाबरीघुबरी. "मॅडम, आत्ता इथं हुती. नळी लावलेली हाय, लघवीची पिशवी हाय, गेली कुठं?" मला कळलं कुठं गेली असेल ते. मी रस्ता ओलांडला.

पलीकडच्या नर्सिंग होमच्या पायऱ्यांवर शेवंता बसली होती. लघवीची पिशवी वायरच्या टोपलीत ठेवून टोपली मांडीशी घेतलेली, आणि उजव्या तळहातावर गॉजच्या तुकड्यावर खड्याच्या दोन फाका. तपासणीला आलेल्या बायका तिच्याभोवती उभ्या होत्या. कोणी नवी आली की ती हात पुढे करायची. "ह्यो बगा. माज्या पोटात हुता. पान्याचा न्हाई, ह्या दोऱ्याचा हाय." दुसरं काही बोलत नव्हती. एक बाई वाकली, बघितलं, आपल्या सुनेचा दंड धरला आणि आल्या वाटेने निघाली.

सासू कपाळावर हात मारत होती. मुकादम शेवंताच्या नवऱ्यावर डाफरत होता, "उठव की बे तिला! बगत काय ऱ्हायलास?" नवरा एकदा खड्याकडे, एकदा बायकोकडे बघायचा. शेवटी तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. मला तेही पुष्कळ वाटलं.

मी शेवंताला म्हटलं, "टाके ओले आहेत अजून, चल." ती म्हणाली, "बाई, तुमी जा. म्या येते."

गलका ऐकून डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांच्यामागे दारात रुक्मिण उभी होती, ऑपरेशनचा हिरवा गाऊन घातलेली, केस बांधलेले. डॉक्टरांनी मला बघितलं, नजर काढून घेतली आणि शेवंताला मऊ आवाजात म्हणाले, "बाई, इथं तमाशा कशाला? तुला काय पाहिजे ते आत येऊन बोल."

"आत येकदा आलते," शेवंता म्हणाली.

बायकांमध्ये कोणीतरी हुंकार दिला. शेवंताने दोन्ही फाका गॉजमध्ये गुंडाळून कनवटीला लावल्या, टोपली उचलली, नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि दाराकडे बघून म्हणाली, "रुक्मे, चल घरी."

रुक्मिणीने सासूकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं. मग गाऊनचा घोळ दोन्ही हातांनी वर धरून ती अनवाणीच पायऱ्या उतरली. मुकादम आडवा यायला निघाला, तर बायकांनी वाट दिली नाही. आम्ही चौघं रस्ता ओलांडायला लागलो तसा मागून कंपाउंडर ओरडला, "ए बाई, गाऊन दवाखान्याचा हाय!"

शेवंताने वळूनसुद्धा बघितलं नाही. "गाऊन तेवढा तुमचा," ती म्हणाली. "धुऊन धाडते."